फाईल हातात घेतल्यावर: आनुवंशिक आजारांचे शब्द, पायरीपायरीने

खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगावकडून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या मराठी माणसाच्या हातात एक जाडजूड फाईल असते. रक्ताचे रिपोर्ट इंग्रजीत, गरोदरपणाचं तायी कार्ड कन्नडमध्ये, आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेलं अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड. 'कॅरियर', 'ट्रेट', 'क्रोमोझोम', 'सिंड्रोम' हे शब्द कानावर पडतात, मान डोलावली जाते, आणि खरा अर्थ घरी आल्यावर ज्याला जसा सुचेल तसा लावला जातो. तो बहुतेक वेळा सुनेच्या अंगावर येतो. 'तिच्या माहेरचं रक्त खराब', 'तिनं ग्रहणात भाजी चिरली', असं काहीबाही.

अशा बऱ्याच फाईली मी लोकांसोबत बसून वाचल्या आहेत. पंधरा-वीस शब्द नीट कळले तरी निम्मी भीती आणि जवळजवळ सगळी दोषारोपणं गळून पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ते शब्द इथे क्रमाने घेतो. डॉक्टरांच्या जागी हा लेख चालणार नाही. पण त्यांच्यासमोर बसल्यावर नेमका प्रश्न विचारायला नक्की उपयोगी पडेल.

पायरी १: तीन शब्द एकमेकांपासून वेगळे करा

जन्मजात, जनुकीय आणि आनुवंशिक हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळीच असलेलं. कारण काहीही असू शकतं. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला, तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष होऊ शकतो. हे जन्मजात आहे, पण आईवडिलांच्या जनुकांशी त्याचा संबंध नाही.

जनुकीय म्हणजे जनुकांत किंवा गुणसूत्रांत (ही काय ते पायरी २ मध्ये येतं) झालेल्या बदलामुळे आलेलं. तो बदल आईवडिलांकडूनच आला पाहिजे असं नाही, नव्यानेही घडू शकतो. डाऊन सिंड्रोम हे त्याचं ठळक उदाहरण (सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा गट). तो जनुकीय आहे, जन्मजात आहे, पण बहुतेक घरांत आनुवंशिक नसतो. बीज तयार होताना एक गुणसूत्र जास्तीचं राहून जातं, एवढंच घडलेलं असतं.

आनुवंशिक म्हणजे एका पिढीकडून दुसरीकडे आलेलं. ते जन्मतः दिसेलच असं नाही. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आनुवंशिक आहे, तरी तो बहुधा तिशी-चाळिशीनंतर डोकं वर काढतो.

डॉक्टरांनी 'जेनेटिक' म्हटलं की लगेच विचारा, "हे आमच्याकडून आलंय, की नव्याने झालंय?" पुढच्या बाळाचं काय, याचं उत्तर या एका प्रश्नावर अवलंबून असतं.

पायरी २: शरीराच्या आत काय कुठे आहे ते बघून घ्या

शरीर पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक पेशींत मधोमध एक केंद्रक असतं. तांबड्या रक्तपेशी याला अपवाद, त्या पक्व झाल्या की केंद्रक टाकून देतात. केंद्रकात गुणसूत्रं, म्हणजेच 'क्रोमोझोम', असतात, ४६. म्हणजे २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ साली पक्कं झालं. त्याआधी कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ ४८ धरून चालले होते.

गुणसूत्र म्हणजे गुंडाळून ठेवलेला डीएनए. त्याची दुहेरी गोफासारखी रचना १९५३ साली जगासमोर आली. त्यात ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरं, पण एका संचात ती सुमारे ३ अब्ज वेळा येतात. या लांबलचक मजकुरातला, एक प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. अशी प्रथिनं बनवणारी जनुकं माणसात साधारण २०,००० आहेत.

वडगाव, शहापूर, खासबागेत ज्यांनी जॅकार्डचे माग पाहिलेत त्यांना हे चटकन कळेल. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मागावर फिरतात आणि कोणता धागा उचलायचा ते ठरवतात. पट्टीत एक भोक चुकीच्या जागी पडलं तर त्या पट्टीवर विणलेल्या प्रत्येक साडीत, त्याच जागी, तोच दोष येतो. विणकर कितीही कसबी असो. जनुकातल्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात, रिपोर्टवर 'म्युटेशन' किंवा हल्ली 'व्हेरियंट' असं लिहिलेलं असतं.

बदल किती लहान असू शकतो ते पाहा. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रतींत हे एकच अक्षर बदललेलं असलं की सिकलसेल होतो. गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडं ठणकतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमधली १० ते २० दिवसांतच संपते.

२३व्या जोडीबद्दल एक गोष्ट अजून घरोघरी सांगावी लागते. स्त्रीत ती जोडी एक्स-एक्स असते, पुरुषात एक्स-वाय. आईकडून प्रत्येक बाळाला एक्सच मिळतो. एक्स की वाय, हे वडिलांच्या शुक्राणूवरून ठरतं. तीन मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्या घराला शरीरशास्त्राचा काडीचाही आधार नाही.

पायरी ३: घराण्याचा तक्ता काढा

पहिल्या भेटीलाच डॉक्टर घरचा इतिहास विचारतात. तिथे आठवायला गेलं की गोंधळ होतो, म्हणून घरीच एका कोऱ्या कागदावर तीन पिढ्या काढून न्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. ज्याला आजार आहे तो चौकोन किंवा वर्तुळ पूर्ण रंगवायचं, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची. ज्याच्यासाठी तपासणी चाललीय त्याच्याजवळ बाण. ही पद्धत जगभर सारखी आहे. तुमचा कागद बेळगावात, मिरजेत की बेंगळुरात दाखवा, कुठलाही डॉक्टर तो वाचू शकतो.

तक्त्यात गर्भपात, मृत जन्मलेली बाळं आणि लहानपणी गेलेली पोरंही हवीत. घरात त्यांची नावं कुणी काढत नाही, पण खरा धागा पुष्कळदा तिथेच सापडतो. एका घरात कर्ता पुरुष ठामपणे म्हणत होता, "आमच्यात असलं कुणालाच नाही ओ." कोपऱ्यात बसलेली त्याची थोरली आत्त्या हळूच म्हणाली, "तुझ्या चुलत्याची दोन पोरं गेलीत की, दोन वर्षांची व्हायच्या आत. पांढरीफटक पडली होती." डॉक्टरांना हवं होतं ते त्या वाक्यात होतं. तेव्हा तक्ता काढताना आत्त्या, मावशी, आजी यांना मध्ये बसवा. सीमाभागात अर्धं घर चंदगड-गडहिंग्लजला, अर्धं इकडे असतं, तर फोन लावून विचारा.

काय विचारायचं? कुणाला वारंवार रक्त चढवावं लागत होतं का. कुणाचं खरचटल्यावर रक्त थांबत नव्हतं का. जन्मापासून ऐकू न येणारं, उशिरा चालणारं, आकडी येणारं कुणी होतं का. पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर कुणाला झाला. लग्न नात्यात झालं असेल तर नेमकं कुठल्या नात्यात. हे आईकडचं आणि वडिलांकडचं दोन्ही.

केसपेपरवर 'एनसीएम' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ लग्न नात्यातलं नाही. 'सेकंड डिग्री' म्हणजे मामा-भाची, 'थर्ड डिग्री' म्हणजे आते-मामे भावंडं. बाईच्या कागदावर 'जी२ पी१ एल१ ए०' असं काही दिसलं तर घाबरू नका. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, एक बाळंतपण झालंय, एक मूल हयात आहे, गर्भपात नाही, एवढाच त्याचा अर्थ. कन्नड फॉर्मवरचे 'अनुवंशीय', 'रक्तसंबंध' हे शब्द मराठी माणसाला ऐकताच कळतात. 'रक्तहीनते' म्हणजे अंगात रक्त कमी असणं.

पायरी ४: वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे पक्कं करा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जास्त वेळ घेतो.

बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, आईची एक, वडिलांची एक. काही आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. असा माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, पोलीस होतो, नव्वदीपर्यंत जगतो. त्याला वाहक म्हणतात. रिपोर्टवर 'कॅरियर', 'ट्रेट', 'मायनर' किंवा 'हेटरोझायगस' यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर आजार होतो. तिथे 'डिसीज', 'मेजर' किंवा 'होमोझायगस' असे शब्द येतात. आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, अशा आजारांना अप्रभावी किंवा 'रिसेसिव्ह' म्हणतात. थॅलेसेमिया (यात हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही) आणि सिकलसेल दोन्ही याच जातीचे.

नवरा वाहक आणि बायकोही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी होण्याची, चारांत दोन वाहक होण्याची, चारांत एक पूर्ण मोकळं असण्याची. 'प्रत्येक' हा शब्द ध्यानात ठेवा. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं अजिबात नाही. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. आणि दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होतं. म्हणजेच अप्रभावी आजाराचं मूल जन्माला आलं, तर बदल दोन्हीकडून आलेला असतो. फक्त आईच्या माहेराकडे बोट दाखवणं शास्त्रानेच चूक आहे.

आता नात्यातली लग्नं. आपल्याकडे मामाची मुलगी करून घेण्याची चाल जुनी आहे, शेजारच्या कन्नड घरांत बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याचीही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातली पावाहून थोडी जास्त लग्नं नात्यातली निघाली. यामागे जमीन, माया, ओळखीचं घर अशी कारणं असतात, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. पण हिशोब माहीत असलाच पाहिजे.

समजा, एखाद्या दुर्मिळ आजाराचा वाहक शंभरांत एक आहे, आणि घरातले आजोबा तसे वाहक होते. त्यांच्या मुलीकडे तो बदल येण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलाकडे म्हणजे नातवाकडे पाव. आजोबांच्या मुलाच्या मुलीकडेही पाव. ही दोन नातवंडं, म्हणजे आतेभाऊ आणि मामेबहीण, यांचं लग्न झालं तर त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता ६४ मध्ये १. त्याच नातवाने नात्याबाहेरची मुलगी केली असती तर ती शक्यता १,६०० मध्ये १. आजार दुर्मिळ असेल तितकं हे अंतर वाढत जातं. आणि असे लपलेले दोन-चार बदल प्रत्येक माणसात असतातच, तुमच्यात आणि माझ्यातही.

सगळं धरून बोलायचं तर कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात तीत आणखी २ ते ३ टक्क्यांची भर पडते. म्हणजे शंभरांतली नव्वदहून जास्त बाळं ठणठणीत असतात. 'नात्यात केलं की मूल अपंगच' हे खोटं. 'आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या करतोय, काही झालं नाही' हेही उत्तर होत नाही. मामा-भाचीच्या लग्नात धोका याहून जास्त, कारण त्यांच्यातली सामाईक जनुकं दुप्पट असतात. लग्न झालेलंच असेल तर पश्चात्ताप करत बसण्याऐवजी दोघांची वाहक-तपासणी करून घ्यावी.

बाकीच्या दोन तऱ्हा थोडक्यात. प्रभावी म्हणजे 'डॉमिनंट' आजारात एकच बिघडलेली प्रत पुरते. आजारी आई किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. एक्स गुणसूत्रावरच्या आजारांत मुलग्यांना जास्त त्रास, कारण त्यांच्याकडे दुसरा एक्स नसतो. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया असाच जातो. मामाला असतो, बहीण दिसायला निरोगी, आणि भाच्याला होतो. हिमोफिलिया असलेल्या वडिलांकडून मुलाला तो जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतात. लाल-हिरवा रंग ओळखू न येणं हेही याच वाटेने येतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने इथल्या कितीतरी पोरांची नजर भरतीवर असते. वर्षभर पहाटे उठून धावलेल्या पोराला मेडिकलमध्ये ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसत नाही, आणि हे तेव्हा पहिल्यांदा कळतं. आईच्या वडिलांना किंवा मामाला रंग ओळखण्याचा त्रास असेल, तर पोराचे डोळे दहावीलाच तपासून घ्या.

साखर, रक्तदाब, हृदयविकार हे कुठल्याही एका जनुकाचे आजार नाहीत. पुष्कळ जनुकं, खाणं, वजन, झोप, तंबाखू सगळं मिळून ते ठरतं. आईवडिलांना साखर असेल तर तुमचा धोका वाढतो, पण आजार ठरलेला नसतो.

पायरी ५: रक्ताच्या साध्या रिपोर्टवर तीन आकडे शोधा

सीबीसी नावाचा, रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट प्रत्येक फाईलीत असतोच. सगळे फक्त एचबी म्हणजे हिमोग्लोबिन बघतात. त्याच्या खाली आणखी दोन आकडे बघायचे, आरबीसी म्हणजे तांबड्या पेशींची संख्या आणि एमसीव्ही म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान. एमसीव्ही साधारण ८० ते १०० असावं.

दोन बायकांचे रिपोर्ट समोर ठेवू. दोघींचं एचबी १०.२. पहिलीचं एमसीव्ही ७१ आणि आरबीसी ३.९. दुसरीचं एमसीव्ही ६३, पण आरबीसी ५.७. पहिलीच्या पेशी लहान आहेत आणि कमीही आहेत. हा थाट बहुधा लोह कमी असल्याचा. दुसरीच्या पेशी फारच लहान, पण संख्या भरपूर. इथे थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यायची. एमसीव्हीला आरबीसीने भागून बघतात. पहिलीचं उत्तर १८ च्या आसपास, दुसरीचं ११. उत्तर १३ च्या खाली आलं तर डॉक्टरांना विचारा, "एचपीएलसी करून बघायची का?" हा भागाकार फक्त इशारा देतो, निदान करत नाही.

एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. तीत 'एचबीए२' नावाची ओळ शोधा. ती साधारण ३.५ टक्क्यांच्या वर, बहुतेकदा ४ ते ६ दरम्यान असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असं धरतात. लोह फारच कमी असेल तर हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, तो अर्थ डॉक्टरांनीच लावायचा. सिकलसेलमध्ये 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे आजार.

भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक शंभरांमागे ३ ते ४ मानले जातात. त्यातल्या अनेकांना आयुष्यभर 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि एचबी काही हलत नाही. पण वाहकालाही लोह कमी पडू शकतं, विशेषतः गरोदरपणात. म्हणून हे वाचून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

वाहक असण्याला औषध लागत नाही. दोन वाहकांच्या पोटी थॅलेसेमिया मेजरचं मूल आलं तर मात्र चित्र पार बदलतं. जन्मतः बाळ ठीक दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून काम करत असतं. सहा महिन्यांनंतर ते ओसरतं, बाळ फिकट पडतं, पोट फुगतं, वजन वाढत नाही. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोजचं औषध. सरकारी रक्तकेंद्रातून अशा मुलांना रक्त मोफत मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल तिन्हींचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. भावंडाची अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा गर) जुळली तर प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी २०१७ पासून कोल इंडियाच्या पैशातून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालते, १० लाखांपर्यंत मदत मिळते. आमच्याकडे हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सिकलसेलसाठी केंद्र सरकारची मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, कर्नाटकही तीत आहे. आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करून कार्ड देतात. कार्ड मिळालं तर या फाईलीतच लावा.

पायरी ६: गरोदरपणातल्या चाचण्या, चाळणी कोणती आणि निदान कोणतं

चाळणीची तपासणी डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाचा धोका कमी की जास्त, फक्त ते सांगते. एनटी स्कॅन (सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजणं) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होतात, क्वाड्रुपल मार्कर ही रक्ततपासणी १५ आठवड्यांनंतर. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी एनआयपीटी १० आठवड्यांपासून करता येते, महाग आहे, आणि तीही चाळणीच आहे. रिपोर्टवर '१:१५०' आणि 'हाय रिस्क' दिसलं की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ असा, की असा आकडा आलेल्या १५० बायकांपैकी १४९ जणींच्या बाळात तो दोष नसतो.

पक्कं निदान सीव्हीएस किंवा ॲम्निओसेंटेसिसने होतं. पहिल्यात वारेचा तुकडा ११ ते १४ आठवड्यांत, दुसऱ्यात गर्भजल १५ आठवड्यांनंतर सुईने काढतात. त्यातून गुणसूत्रांचा नकाशा तयार होतो, त्याला कॅरिओटाइप म्हणतात. '+२१' दिसलं तर २१वं गुणसूत्र जास्तीचं, म्हणजे डाऊन सिंड्रोम. बाळ मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, ते विचारूच नका.

त्याच कायद्यातली एक तरतूद सीमाभागातल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक हवी. अशी सुई घालून करायची तपासणी करण्याआधी बाईची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेतच घ्यावी लागते, आणि त्या कागदाची प्रत तिला द्यावी लागते. कन्नड किंवा इंग्रजी फॉर्मवर न वाचता अंगठा किंवा सही करू नका. "मला मराठीत समजावून सांगा," हे शांतपणे म्हणा. तो तुमचा हक्क आहे, आणि सांगणारी नर्स किंवा आशाताई इथे शोधली तर मिळते.

ओठ दुभंगलेलं बाळ जन्मलं की ग्रहणाचा विषय निघतो. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या आसपास जुळतो, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. विळी, सुई, ग्रहण यांचा त्याच्याशी संबंध नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र दिवस जाण्याआधीपासून घ्यावी, कारण पाठीच्या कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते.

पायरी ७: कुठे जायचं आणि काय विचारायचं

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून पुढची चिठ्ठी मिळते. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, नेहरूनगरात केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. दुर्मिळ आजार असेल तर बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स. इंदिरा गांधी बालआरोग्य संस्थेसोबत ते केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखालचं मान्यताप्राप्त केंद्र आहे, आणि त्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे.

जाताना नवरा-बायको दोघांनी जा. एकटी सून आणि सासू गेली की अर्धी माहिती बाहेरच राहते. प्रश्न कागदावर लिहून न्या. आजाराचं पूर्ण नाव काय, ते लिहून द्याल का? अप्रभावी आहे, प्रभावी आहे की एक्सवरून जाणारा? आमच्यापैकी वाहक कोण? पुढच्या बाळाला किती धोका, आणि तपासणी कितव्या आठवड्यात? भावंडांपैकी आणखी कुणाची तपासणी करायची? जनुकीय रिपोर्टवर 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर तो बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे अजून ठरलेलं नाही. केवळ त्यावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. एचपीएलसीसाठीचं रक्त बाळाला रक्त चढवण्याआधी काढून घ्या. नाहीतर दात्याच्या पेशी मिसळतात आणि खरं काय ते कळायला सुमारे तीन महिने थांबावं लागतं. घाईत हे राहून जातं, म्हणून तुम्हीच आठवण करा.

दुसरं, वाहकाचा रिपोर्ट जन्मभर तोच राहतो. एकदा पक्का झाला की परत परत पैसे घालवायची गरज नाही. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो ठेवा, आणि सख्ख्या भावंडांना कळवा, कारण त्यांच्यातलाही प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. धाकट्याचं लग्न ठरत असेल तर त्याची एचपीएलसी साखरपुड्याआधी करून घ्या. तो वाहक निघाला तरी लग्न मोडायचं कारण नाही, समोरच्या मुलीचीही तपासणी करा. ती वाहक नसेल तर बिनधास्त तारीख काढा.